साठीनंतरचा सह्याद्री: उतरणीपासून आखायचा ट्रेक

साठी ओलांडलेला सराईत भटक्या गड चढून जातो. वेळ जास्त लागतो, थांबे वाढतात, पण दम सांभाळत तो माचीवर पोचतो. खरी अडचण दुपारी येते, परतीच्या वाटेवर. मांड्या थरथरायला लागलेल्या असतात, पाणी तळाला गेलेलं असतं, पायाखाली मुरमाचा घसारा (सुट्या खड्यांची निसरडी उतरण) असतो आणि पुढे गेलेली तरुण मंडळी झाडाखाली वाट बघत बसलेली दिसतात. त्यांना खोळंबा नको म्हणून माणूस घाई करतो आणि नेमका तिथेच पडतो. इतक्या वर्षांत ज्येष्ठांच्या ज्या दुखापती मी डोंगरात पाहिल्या, त्यांतल्या बहुतेक उतरतानाच्या होत्या.

म्हणून पुढचा सगळा सल्ला एकाच गोष्टीभोवती आहे: वय वाढल्यावर ट्रेक उतरणीपासून आखायचा. गड कोणता, वाट कोणती, वरून किती वाजता निघायचं, घरी कोणता व्यायाम करायचा, हे सगळं ‘मी नीट उतरेन का’ या प्रश्नावरून ठरवायचं. हे जमलं तर सत्तरीतही सह्याद्री सोडायची गरज पडत नाही.

जपानचे गिर्यारोहक युइचिरो मिउरा २०१३ साली, वयाच्या ८० व्या वर्षी, एव्हरेस्टच्या माथ्यावर पोचले. ही बातमी सगळ्यांना माहीत आहे. उतरताना ते इतके थकले की साडेसहा हजार मीटरच्या आसपासच्या दुसऱ्या कॅम्पवरून त्यांना हेलिकॉप्टरने खाली आणावं लागलं, हे फार कमी जणांना ठाऊक असतं. पुढे २०१९ मध्ये, ८६ व्या वर्षी, दक्षिण अमेरिकेतल्या अकोन्काग्वावर ते सोबतच्या डॉक्टरांचा सल्ला मानून अर्ध्यातून परत फिरले. मला त्यांचा हा दुसरा निर्णय पहिल्या पराक्रमाइतकाच मोठा वाटतो. आपल्या घळीत आणि नाळेत हेलिकॉप्टर सहजी येत नाही. तिथे स्ट्रेचर येतं किंवा घोंगडी बांधून केलेली झोळी येते, आणि ती उचलायला गावातली आठ-दहा माणसं हातातली कामं टाकून येतात.

शरीरात काय बदललेलं असतं

दमसास तिशीनंतर दर दशकात साधारण दहा टक्क्यांनी कमी होत जातो. नियमित चालणाऱ्या-चढणाऱ्यांत ही घसरण बरीच मंद असते. चढाईचा वेग कमी होतो तो यामुळे, आणि त्याचं फार वाईट वाटून घ्यायचं कारण नाही.

जास्त महत्त्वाचा बदल पायांत होतो. वयाबरोबर स्नायू घटतात आणि त्यातही झटकन आकसणारे तंतू आधी घटतात. ठेच लागल्यावर क्षणात पुढचं पाऊल टाकून तोल सावरण्याचं काम याच तंतूंचं. म्हणजे सपाटीवर तुम्ही पूर्वीइतकेच चालू शकता, पण घसरल्यावर सावरण्याची ताकद मात्र कमी झालेली असते. शिवाय तहानेची जाणीव बोथट होते, उन्हात अंग लवकर थंड होत नाही आणि मोतीबिंदू सुरू झाला असेल तर पायरीची खोली नीट कळत नाही. या चारही गोष्टी उतरणीवर, दुपारी, एकदम वसुलीला येतात.

पायरी १: डॉक्टरांना नेमकं सांगा

‘ट्रेक करू का?’ असं विचारलं तर ‘करा, पण जपून’ एवढंच उत्तर मिळतं. त्याऐवजी आकडे सांगा: ‘सहाशे मीटरचा चढ आहे, तीन तास चढायचं, तितकंच उतरायचं, पाठीवर पाच किलो वजन, आणि जवळचं मोठं हॉस्पिटल दोन तासांवर.’ हे ऐकल्यावर डॉक्टर वेगळ्या पद्धतीने विचार करतात. मधुमेह, रक्तदाब, धूम्रपानाची जुनी सवय किंवा घरात हृदयविकाराचा इतिहास असेल तर ट्रेडमिल टेस्ट किंवा दुसरी एखादी तपासणी लागेल का, हेही त्याच वेळी विचारून घ्या.

मग रोजच्या गोळ्यांची चिठ्ठी समोर ठेवा. इथे थोडं सविस्तर लिहितो, कारण डोंगरात याच गोष्टी आडव्या येतात आणि ट्रेकच्या गप्पांत त्यांचा विषय कधी निघत नाही.

रक्तदाबासाठी ‘पाण्याच्या गोळ्या’ (लघवी वाढवणाऱ्या) सुरू असतील तर घाम आणि गोळी मिळून शरीरातलं पाणी आणि क्षार जास्त वेगाने जातात. उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते, पायांत गोळे येतात. बीटा ब्लॉकर गटातली गोळी असेल तर नाडी फार वर जातच नाही. त्यामुळे मनगटावरचं घड्याळ ‘सगळं ठीक’ दाखवत राहतं आणि तुम्ही मात्र मर्यादेबाहेर गेलेले असता. अशांनी नाडीवर न जाता धापेवर लक्ष ठेवावं.

मधुमेहात इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या असतील तर लांब चढाईत साखर धोक्याच्या पातळीखाली जाऊ शकते. त्या दिवसाचा डोस आणि खाण्याच्या वेळा डॉक्टरांकडून लिहूनच घ्या, मनाने बदल करू नका. गुळाचा खडा किंवा ग्लुकोजची पुडी खिशात असावी, सॅकच्या तळाशी नको. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत बी-१२ कमी होण्याचा धोका असतो आणि ते कमी झालं की तळपाय बधिर होतात. पायाखालचा दगड हलतोय हे तळपायालाच कळलं नाही तर तोल कसा सांभाळणार? त्यामुळे बी-१२ आणि ड जीवनसत्त्वाची तपासणी जरूर करा. स्त्रियांनी पाळी गेल्यानंतर हाडांची घनताही पाहून घ्यावी.

गुडघे दुखू नयेत म्हणून ट्रेकच्या सकाळीच वेदनाशामक गोळी घेऊन निघायची सवय अनेकांना आहे. ती सोडाच. शरीरात पाणी कमी, त्यात रक्तदाबाची औषधं आणि वर ही गोळी, असं एकत्र झालं की मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. आणि वेदना दाबली गेली की गुडघा ‘थांब’ म्हणतोय हे ऐकूच येत नाही. रक्त पातळ करणारी औषधं घेणाऱ्यांनी एक नियम पक्का करावा: डोक्याला मार लागला तर कितीही बरं वाटत असलं तरी ट्रेक तिथेच संपला, सरळ हॉस्पिटल गाठायचं.

पायरी २: घरातल्या चार परीक्षा

एका पायावर उभं राहा, आधार न घेता, दहा सेकंद. दोन्ही पायांवर जमलं पाहिजे. मग तेच डोळे मिटून करून बघा. भिंतीजवळ उभं राहून करा, कारण डोळे मिटल्यावर तोल किती नजरेवर टेकलेला असतो ते लगेच कळतं.

हाताची घडी छातीवर घालून खुर्चीतून तीस सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहता येतं ते मोजा. ६० ते ६४ या वयात पुरुषांना १४ पेक्षा आणि स्त्रियांना १२ पेक्षा कमी वेळा जमलं तर रोजच्या जगण्यातही पडण्याचा धोका वाढलेला मानतात. गड उतरणाऱ्याचा आकडा याच्या बराच वर हवा.

जिन्यावरून कठड्याला हात न लावता (पण हात जवळ ठेवून) दोन मजले उतरा. पाऊल ‘धप्’ असं पडत असेल तर मांडी शरीराचं वजन सोडून देते आहे, तोलत नाही आहे. आवाज न करता उतरता आलं पाहिजे. आणि शेवटी, जमिनीवर मांडी घालून बसा आणि हात न टेकता, निदान एकच हात टेकून, उठा.

यातली एखादी गोष्ट जमत नसेल तर खट्टू होऊ नका. तीन महिन्यांत फरक पडतो, साठीतही आणि सत्तरीतही. स्नायू कोणत्याही वयात व्यायामाला दाद देतात.

पायरी ३: बारा आठवड्यांची तयारी

सकाळी तासभर चालायला जाणं चांगलंच आहे, पण त्याने गडाची तयारी होत नाही. सपाटीवर चालताना मांडीच्या पुढच्या स्नायूला फारसं कामच नसतं. उतरताना तो ताणला जात असताना वजन रोखून धरतो. ही वेगळी ताकद आहे आणि ती वेगळी कमवावी लागते.

सगळ्यात उपयोगी व्यायाम पायरीवरचा. सहा-आठ इंच उंचीच्या पायरीच्या कडेला उजव्या पायावर उभे राहा, बाजूला भिंत किंवा कठडा असू द्या. डावा पाय पायरीच्या पुढे हवेत सोडा. आता उजवा गुडघा हळूहळू वाकवत, मनात चारपर्यंत मोजत, डाव्या पायाची टाच जमिनीला नुसती टेकेल इतकं खाली या. टाचेवर भार द्यायचा नाही. टेकली की परत वर. गुडघा आतल्या बाजूला वळू देऊ नका, तो पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहिला पाहिजे. आरशासमोर केलं तर चूक लगेच दिसते. प्रत्येक पायावर आठ वेळा, असे दोन फेरे, आठवड्यातून तीन दिवस. पायरी फार उंच वाटत असेल तर चार इंचाच्या पाटावर सुरुवात करा. गुडघ्याच्या वाटीत टोचल्यासारखं दुखलं तर उंची कमी करा. तरीही दुखत राहिलं तर फिजिओथेरपिस्टला दाखवा.

इमारतीत राहणाऱ्यांसाठी एक सोपा उपाय आहे. लिफ्टने वर जा आणि जिन्याने उतरा. दमसासावर ताण नाही आणि उतरणीचा सराव मात्र पुरेपूर. पहिल्या दिवशी दोन-तीनच मजले उतरा, कारण या व्यायामाचं अंगदुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वर येतं आणि सुरुवातीलाच अति झालं तर आठवडा वाया जातो. पण एकदा हे दुखणं पचलं की स्नायू पुढचे काही आठवडे तशाच उतरणीला तयार राहतात. म्हणूनच मोठ्या ट्रेकच्या दहा-बारा दिवस आधी एक मध्यम उतरण मुद्दाम करून ठेवावी.

याच्या जोडीला टाचा उचलण्याचा व्यायाम आणि दात घासताना एका पायावर उभं राहणं ठेवा. पाचव्या आठवड्यापासून सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या भरून चढउतार करा, आधी दोन किलो, मग पाच. पुण्यात पर्वतीच्या १०३ पायऱ्या आहेत, नाशिककरांना पांडवलेणी आहे, मुंबईकरांना बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातला कान्हेरीचा रस्ता. सिंहगडावर आतकरवाडीच्या वाटेने दर आठवड्याला जाणारे सत्तरीतले कितीतरी लोक दिसतात. त्यांच्या पावलांकडे जरा लक्ष देऊन बघा. कोणीही उड्या मारत उतरत नाही. पाऊल छोटं, गुडघा किंचित वाकलेला, आणि वेग चढतानाइतकाच.

खाण्यात प्रथिनं वाढवा. ज्येष्ठांना वजनाच्या दर किलोमागे रोज एक ते सव्वा ग्रॅमपर्यंत प्रथिनं लागतात आणि नुसत्या चहा-पोळी, वरण-भातावर ती भरत नाहीत. मूग, हरभरा, पनीर, दही, अंडी, मासे, जे चालत असेल ते दोन्ही जेवणांत वाटून घ्या. मूत्रपिंडाचा विकार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

पायरी ४: गड निवडा, पण वाट जास्त जपून निवडा

एकच गड एका वाटेने ज्येष्ठांना सहज पेलतो आणि दुसऱ्या वाटेने नाही. राजगडावर गुंजवण्याहून चोर दरवाजाने गेलात तर शेवटचा टप्पा उभ्या कातळाचा, रेलिंग धरून चढायचा. पाली दरवाजाची वाट रुंद आणि पायऱ्यांची आहे. चढताना चोर दरवाजा करायची हौस असेल तर करा, पण उतरा पालीनेच. गाडी त्या बाजूला बोलवून ठेवायची, एवढाच जास्तीचा खटाटोप.

हरिश्चंद्रगडाला पाचनईची वाट सगळ्यांत सोयीची. खिरेश्वरहून तोलार खिंडीची वाट लांब आणि कातळटप्प्याची, आणि नळीची वाट तर तरुणांतल्याही मुरलेल्यांसाठी. राजमाचीला लोणावळ्याहून गेलात तर पंधरा-एक किलोमीटरची चाल आहे, पण चढउतार बेताचा. कोंदिवड्याहून अंतर कमी आणि चढ मात्र खडा. अशा ठिकाणी किलोमीटर कमी आहेत म्हणून वाट सोपी समजू नका. साठीनंतर लांब आणि सौम्य वाट नेहमी बरी.

काही गडांवर उतरण टाळायची सोय आहे आणि ती बिनदिक्कत वापरावी. रायगड पायऱ्यांनी चढा आणि रोपवेने उतरा. सिंहगड आतकरवाडीने चढा आणि वरून जीपने खाली या. गडाचं सगळं सुख मिळतं आणि गुडघे पुढच्या महिन्यासाठी शाबूत राहतात.

कळसूबाई म्हणजे १६४६ मीटर, महाराष्ट्राचा माथा. प्रत्येकाला एकदा तिथे जायचं असतं. पायथ्याच्या बारी गावाहून साधारण साडेआठशे-नऊशे मीटरचा चढ, लोखंडी शिड्या आणि सुट्टीच्या दिवशी त्या शिड्यांवर रांग. शिडीवर मागच्या माणसाची घाई अंगावर येते. त्यामुळे इथे मधल्या वारीच जावं. निवृत्तीनंतर मंगळवार-बुधवार आपले असतात, त्याचा फायदा घ्यायलाच हवा. हरिहरच्या कातळात कोरलेल्या पायऱ्या, रतनगडाच्या शिड्या यांनाही हेच लागू. उंचीची भीती किंवा चक्करेचा त्रास असेल तर हे गड पायथ्यावरून पाहावेत. रतनवाडीचं अमृतेश्वर मंदिर तासन्‌तास पाहण्यासारखं आहे.

वेळेचं गणित असं करा. स्कॉटलंडच्या विल्यम नेस्मिथने १८९२ मध्ये एक आडाखा दिला: पाच किलोमीटर चालीला एक तास आणि वर दर सहाशे मीटर चढाला आणखी एक तास. तो धडधाकट माणसासाठी होता. आपण तासाला तीनशे मीटर चढ धरावा आणि उतरायला चढण्याइतकाच वेळ द्यावा. बहुतेक जण उतरण अर्ध्या वेळात होईल असं धरतात आणि तिथेच घात होतो. कळसूबाईसाठी हा हिशेब तीन तास वर, तीन तास खाली, दीड तास थांबे असा होतो. म्हणजे सकाळी सहाला निघालात तर दीड वाजता बारीत.

यावर आणखी एक तोडगा आहे, मला सर्वांत आवडणारा: गडावर मुक्काम. संध्याकाळी आरामात चढा, पाचनईच्या वाटेने गेल्यावर हरिश्चंद्रेश्वराच्या परिसरात रात्र काढा आणि पहाटे ताज्या पायांनी उतरा. चढणीचा थकवा उतरणीला येत नाही. मुक्कामाची परवानगी आहे का ते वनखात्याकडे किंवा गावात आधी विचारा, नियम बदलत असतात.

पायरी ५: ऋतू

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा आपला खरा हंगाम. पावसाळ्यात शेवाळलेला कातळ आणि चिखल म्हणजे पडण्याला आमंत्रण, त्यामुळे पावसात पठारं आणि रुंद, मळलेल्या वाटाच घ्या. ओढा ओलांडून जावं लागणारी वाट नको, वर पाऊस झाला की परतीचा रस्ता बंद होतो. मार्च ते मे काळा कातळ तापतो. सावली नसलेल्या सोंडेवर (डोंगराच्या धारेवर) सकाळी नऊनंतर असणं टाळा. ऑक्टोबरचं ऊनही कमी समजू नका. पावसात वाढलेल्या गवताखाली वाट झाकलेली असते आणि हवेत दमट उकाडा असतो.

पायरी ६: सामान

दोन काठ्या घ्या, एक नाही. उतरताना गुडघ्यावरचा भार त्यांनी खरोखर कमी होतो. उतरणीला त्यांची लांबी चढापेक्षा पाच-दहा सेंटिमीटर वाढवा आणि शिडी किंवा रेलिंग आलं की त्या सॅकला बांधा. लोंबत्या काठ्यांसकट शिडी उतरणं धोक्याचं आहे. बुटाचा तळ झिजला असेल तर वरून कितीही चांगला दिसला तरी तो टाकून द्या. बूट दुपारी विकत घ्या, कारण दिवसभरात पाय थोडा सुजतो, आणि पुढे बोटभर जागा राहू द्या. नाहीतर उतरताना अंगठ्याचं नख काळं पडतं. पाठीवर पाच-सहा किलोंपेक्षा जास्त नको.

चष्म्याबद्दल मात्र कळकळीने सांगतो. जवळचं-लांबचं एकत्र असलेला चष्मा उतरणीवर वापरू नका. खाली पावलाकडे बघताना नजर खालच्या, वाचायच्या भागातून जाते आणि पायरी धूसर दिसते. फक्त लांबच्या नंबरचा वेगळा चष्मा दोरी लावून ट्रेकसाठी ठेवा. खर्च थोडा आहे आणि फायदा पहिल्याच उतरणीवर कळतो.

डोक्यावरची विजेरी दिवसाच्या ट्रेकलाही हवी. अत्तर, डिओडोरंट घरी ठेवा. त्या वासाने आग्यामोहोळ उठलं तर तरुण पळू शकतात, आपल्याला ते जमत नाही.

पायरी ७: चढताना

एक पूर्ण वाक्य न थांबता बोलता येईल इतकाच वेग. वाक्य तुटायला लागलं की वेग जास्त झाला. तासाभराने मोठी विश्रांती घेण्यापेक्षा दर वीस मिनिटांनी दोन मिनिटं उभ्या उभ्या थांबा आणि तेव्हाच दोन-तीन घोट पाणी प्या, तहान असो वा नसो. लघवीला जावं लागेल म्हणून पाणी कमी पिणाऱ्या बायका आणि प्रोस्टेटवाले पुरुष खूप असतात. गटाने दर तासाला आडोशाचा थांबा ठेवला तर ही अडचण कोणाला बोलून दाखवावी लागत नाही.

ओआरएसची पुडी एक लिटर पाण्यातच घाला, अर्ध्या बाटलीत नको. रक्तदाब असेल तर दिवसभर तेच पित राहू नका, घाम भरपूर आला असेल तेव्हाच घ्या. खाणं थोडं थोडं ठेवा: चिक्की, खजूर, दशमी, गूळ-शेंगदाणे. वर पिठलं-भाकरीचा बेत असेल तर अर्धपोटी उठा, उतरताना भरलेलं पोट नकोसं होतं.

छातीत दाब, जबडा किंवा हात दुखणं, अंगाला थंड घाम, न थांबणारी धाप, यातलं काहीही झालं तर तिथेच बसा आणि सोबत्याला सांगा. मधुमेहींना छातीत न दुखताही हृदयाचा झटका येऊ शकतो. नुसती अकारण धाप आणि घाम हीच त्याची खूण असू शकते. ‘ॲसिडिटी असेल’ म्हणून पुढे जाऊ नका.

पायरी ८: उतरताना

वरून निघायची वेळ खालीच ठरवा आणि गटात जाहीर करा. ती वेळ झाली की माथा शंभर पावलांवर असला तरी फिरायचं. निघण्याआधी दहा मिनिटं बसा, काहीतरी गोड खा, बुटाची नाडी घोट्यापाशी घट्ट करा, काठ्या लांब करा.

पाऊल छोटं ठेवा. गुडघा कधीही पूर्ण ताठ नको, किंचित वाकलेला हवा. भीतीने माणूस मागे रेलतो आणि त्यामुळेच टाच सटकते. अंग किंचित पुढे, वजन पुढच्या पावलाच्या बरोबर वर असलं की तळवा पूर्ण टेकतो आणि पकड मिळते. काठ्या आधी, मग पाऊल.

घसाऱ्यावर पाय कुठे टाकायचा हे बघायला शिका. पिवळसर सुटा मुरूम गोल खड्यांचा असतो, त्यावर पाय टिकत नाही. त्यातून डोकावणारा, जमिनीत रुतलेला दगड शोधा, काठीने टोचून बघा, हलला नाही तर त्यावर पाऊल. नाहीतर वाटेच्या कडेच्या गवताच्या बुंध्याशी तळवा आडवा टेकवा. कारवीच्या रानात वाळलेल्या पानांच्या थराखाली काय आहे ते दिसत नाही, तिथे पाऊल सरकवत टाका. कारवीची दांडी धरायची तर बुडाशी धरा, आणि वाळकी दांडी तर धरूच नका, ती हातात येते. वाळलेल्या गवताच्या उतारावर सरळ तोंडाने न उतरता आडवं वळून, एक-एक पाऊल बाजूला टाकत उतरा.

कातळटप्पा आला की तोंड डोंगराकडे करा. दोन हात आणि दोन पाय यांपैकी तीन ठिकाणं कायम टेकलेली असली पाहिजेत. खाली उभा असलेला सोबती ‘डावा पाय अजून थोडा खाली, खोबणी आहे’ असं सांगेल, त्याच्यावर विश्वास ठेवा. बसून उतरायची वेळ आली तर बसा. पँट फाटली तर शिवता येते.

चालताना बघायचं नाही आणि बघताना चालायचं नाही. देखावा, फोटो, गप्पा, फोन, सगळं थांबून करा. कोकणाच्या बाजूला उतरत असाल तर दुपारी चारनंतर सूर्य सरळ डोळ्यांत येतो आणि वाटेवरचे खळगे दिसेनासे होतात. टोपीचा पुढचा भाग लांब असावा. गाव दिसायला लागल्यावरचा शेवटचा अर्धा तास सर्वांत सांभाळून चाला. मन घरी पोचलेलं असतं आणि पाय अजून डोंगरात असतात.

पायरी ९: गट, वाटाड्या, मदत

सर्वांत हळू चालणारा पुढे आणि सर्वांत ताकदवान शेवटी. वेग पुढचा ठरवतो, मग कोणालाच ओझं झाल्यासारखं वाटत नाही. नाहीतर पुढे गेलेले वाट बघत थांबतात, ज्येष्ठ पोचतात आणि लगेच सगळे उठून चालू लागतात, म्हणजे ज्याला विश्रांतीची गरज जास्त त्याला ती मिळतच नाही. पुढे ठेवलं की हा प्रकार आपोआप संपतो.

गावातला वाटाड्या घ्या, वाट पाठ असली तरी. त्याला चार पैसे मिळतात आणि तुमच्या गटात डोंगर उतरण्यात हयात गेलेलं एक माणूस येतं. ‘अहो दादा, उतरायला आमच्यासारख्यांना कोणती वाट बरी?’ असं आधीच विचारा. नकाशात नसलेली एखादी बैलवाट तो दाखवतो.

घरी कागदावर लिहून ठेवा: कोणत्या गावातून, कोणत्या वाटेने, किती वाजता खाली, आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर काय करायचं. आपत्कालीन मदतीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८. दऱ्यांत रेंज नसते, ती बहुधा सोंडेवर किंवा पठारावर मिळते, हे ध्यानात ठेवा. लोणावळ्याचं शिवदुर्ग मित्र, खोपोलीचे यशवंती हायकर्स यांसारखी पथकं स्वतःची कामं सोडून लोकांना डोंगरातून काढतात. जायच्या भागात असं कोणतं पथक आहे त्याची माहिती आधीच घेऊन ठेवा. खिशात एक कार्ड असू द्या: नाव, रक्तगट, आजार, औषधं, ॲलर्जी, घरचा नंबर.

परतल्यावर

अंगदुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वाढतं, ते दोन्ही मांड्यांत सारखं असेल तर काळजी नाही. हलकं चाला, झोप पूर्ण घ्या. एकच गुडघा सुजला, किंवा लांबच्या बसप्रवासानंतर एकच पोटरी सुजून दुखायला लागली, तर शेकत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली असेल तर त्याच दिवशी जा. पावसाळ्यात चिखलापाण्यातून चालून आल्यावर पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर ‘मी या भागात पाण्यातून चाललो होतो’ हे डॉक्टरांना स्वतःहून सांगा, त्यांना लेप्टोची (दूषित पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस तापाची) शंका घेता येते.

पूर्वी दर रविवारी गड होत असेल तर आता मोठ्या दोन गडांत दोन ते तीन आठवडे ठेवा. मधल्या आठवड्यांत पायरीचा व्यायाम चालू असू द्या, कारण साठीनंतर महिनाभराची सुट्टी भरून काढायला महिन्याहून जास्त वेळ लागतो. आणि प्रत्येक ट्रेकनंतर वहीत दोनच नोंदी करून ठेवा, चढायला किती वेळ लागला आणि उतरायला किती. उतरायची वेळ चढायच्या वेळेपेक्षा वाढायला लागली की पुढचा गड एक पायरी सोपा घ्या आणि फिजिओथेरपिस्टची वेळ ठरवा.